उन्हाळ्यातलं बीड : उरूस, जत्रा आणि एक विहीर

श्रोतेहो, बीडचं नाव काढलं की ऐकणाऱ्याला तीन गोष्टी आठवतात. दुष्काळ, ऊसतोड आणि राजकारण. तिन्ही खऱ्या आहेत, त्यामुळं रागवायचं कारण नाही. पण बाहेरगावचा पाहुणा जेव्हा विचारतो, "तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे, आणि यावं तरी कधी?" तेव्हा आपण गडबडतो. कंकालेश्वर आहे, खजाना बावडी आहे, दर्गे आहेत, वेशी आहेत, असं भराभर सांगून मोकळे होतो. आणि वर म्हणतो, "पण उन्हाळ्यात नका येऊ बरं का!"

मी मात्र त्याला सांगतो की उन्हाळ्यातच या. थंडीत सगळीच गावं छान दिसतात. बीडच्या जुन्या वास्तू ज्यांनी बांधल्या त्यांनी उन्हाळा डोळ्यांपुढं ठेवून बांधल्या आणि बीड जिल्ह्याच्या बऱ्याचशा जत्रा भरतात त्याही उन्हाळ्यातच. पारा चाळीसच्या पुढं गेला, बिंदुसरेच्या पात्रात धूळ उडायला लागली, की या गावाचा जुना इतिहास कळायला लागतो. कारण तो बराचसा पाण्याचा आणि सावलीचा इतिहास आहे.

आधी गावाची जागा समजून घेऊ. दक्षिणेला बालाघाटाचे डोंगर, उत्तरेला गोदावरीची सपाट गंगथडी, आणि या दोन्हींच्या मधे बिंदुसरेच्या काठावर बीड. जुनं नाव चंपावतीनगर असं सांगतात. ही नदी पुढं सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा गोदावरीला. चालुक्य आले, यादव आले, दिल्लीचे तुघलक आले, बहामनी, निजामशाही, मोगल, मग हैदराबादचे निजाम. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं तोवर बीड निजामाच्या राज्यात होतं. प्रत्येकानं इथं काहीतरी मागं ठेवलं. दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक यानं तर आपला दात ठेवला!

ही थट्टा नाही. फेरिश्ता या इतिहासकारानं लिहून ठेवलं आहे की चौदाव्या शतकात दक्षिणेच्या मोहिमेवरून परतताना सुलतानाचा मुक्काम बीडजवळ पडला, दातानं त्याला हैराण केलं, दात पडला आणि सुलतानानं तो मोठ्या इतमामानं पुरून वर घुमट बांधला. बीड तालुक्यात करजणी गावाजवळ टेकडीवर ती दाताची कबर दाखवतात. माणसं गेली, राज्य गेलं, दौलताबादच्या राजधानीची कथाही संपली. दाताची आठवण तेवढी राहिली. आमच्याकडची शाळेची पोरं इतिहासातलं दुसरं काही विसरतील, हे विसरत नाहीत.

दाताची गोष्ट हसण्यावारी गेली तरी चालेल. खजाना बावडीची गोष्ट मात्र नीट ऐकण्यासारखी आहे.

बीडहून सोलापूरच्या रस्त्यानं दक्षिणेला सहाएक किलोमीटर गेलं की ही विहीर लागते. हिजरी सन ९९१ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८२ च्या सुमारास ती बांधली गेली. अहमदनगरला तेव्हा मूर्तझा निजामशहाचं राज्य होतं आणि बीडची जहागीर सलाबतखानाकडं होती. त्यानं ही विहीर बांधवली. बांधणारा स्थापत्यकार म्हणून राजा भास्कर याचं नाव सांगितलं जातं. विहीर गोल, ऐसपैस, घडीव दगडाची. पायऱ्या उतरून गेलं की आत भोवताली फिरता येईल असा सज्जा आहे. वैशाखातल्या दुपारी वर फुफाटा असतो आणि चार पायऱ्या उतरल्या की अंगावर गारवा येतो. डोळे अंधाराला सरावले की पाणी दिसतं.

या विहिरीचं नवल तिच्या आकारात नाही, तिच्या हिशेबात आहे. तिला तीन भुयारं आहेत. दोन भुयारांतून जमिनीतल्या झऱ्यांचं पाणी विहिरीत येतं आणि तिसऱ्यातून ते बाहेर पडून बलगुजारच्या शेतांकडं जातं. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. जमिनीचा उतार तेवढा कामाला लावला आहे. लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले की खजाना बावडीचं पाणी चढत नाही आणि उतरत नाही. ऐकायला हा चमत्कार वाटतो, पण त्यामागं साधी रीत आहे. बाहेर जाणाऱ्या भुयाराचं तोंड ज्या उंचीवर आहे, त्याच्या वर पाणी साचूच शकत नाही. ते शेताची वाट धरतं. आणि दोन्ही झरे वाहते असतील तोवर जितकं जातं तितकं येतं. निजामशाहीच्या लोकांना ही विद्या चांगली अवगत होती. अहमदनगर शहरालाच त्यांनी दूरवरून खापरी नळांनी पाणी आणलं होतं. पुढं मलिक अंबरनं खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर आणली तीही याच घराण्यातली विद्या. इराण-अरबस्तानातल्या कोरड्या मुलुखात माणसानं जे शोधलं ते दख्खनच्या काळ्या पाषाणात येऊन रुजलं.

खजाना हे नाव का पडलं, याची एक कथा सांगतात. सलाबतखानाला राज्यातून पैसा पाठवला होता म्हणे, तो त्यानं सगळा विहिरीत घातला. वरून हिशेब मागायला माणसं आली, "खजाना कुठं आहे?" त्यानं त्यांना विहिरीच्या काठाशी आणून उभं केलं आणि खाली बोट दाखवलं. कथा खरी की रचलेली, हे ठरवायचा मला मोह होत नाही. ती कुणी रचली असेल तर दुष्काळ पाहिलेल्या माणसानंच रचली असणार, एवढं मात्र नक्की. पाण्याला खजाना म्हणायला कोकणातल्या माणसाला सुचलं नसतं.

विहिरीकडून आता गावात येऊ. गावाच्या पूर्वेला कंकालेश्वराचं मंदिर आहे. चालुक्य-यादवांच्या काळातलं, म्हणजे आठ-नऊशे वर्षांपूर्वीचं. देऊळ बारवेच्या काठाला असतं हे आपण पुष्कळ ठिकाणी बघतो. इथं देऊळच तळ्याच्या मध्यभागी बांधलं आहे. भिंतींवर देवदेवता आहेत, सुरसुंदरी आहेत आणि शस्त्र घेतलेल्या स्त्रियाही आहेत. महाशिवरात्रीला इथं मोठी जत्रा भरते. शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते, असं आपल्याकडं म्हणतात. म्हणजे बीडचा उन्हाळा सुरू होतो तो पाण्यातल्या देवाच्या दर्शनानं. त्या कारागिरांनी महादेवाच्या डोक्यावर अभिषेकपात्र ठेवलंच, पण त्याच्या चहूबाजूंनीही पाणी ठेवलं. उष्ण मुलुखातल्या भक्तीची ही रीत आहे. देवालाही ऊन लागतं, असं मानणारी.

आता उन्हाळ्यातल्या सणांकडं जरा बारकाईनं बघा. गुढीपाडव्याला कडुनिंब. रामनवमीला सुंठवडा आणि थंड पाणी. अक्षय तृतीयेला, आमच्या भागात आखिती म्हणतात, कुंभाराकडून नवी केळी आणायची, तिच्यात पाणी भरायचं आणि वाडवडिलांच्या नावानं द्यायची. मेलेल्या माणसाला काय पाहिजे असेल? या मुलुखाचं उत्तर आहे, गार पाणी. मुसलमान घरांत बुजुर्गांच्या नावानं पाण्याची सबील लावतात, सरबत वाटतात. उरुसात संदल निघतो, म्हणजे उगाळलेलं चंदन ताटात घेऊन वाजतगाजत मिरवत न्यायचं आणि मजारीवर चढवायचं. चंदन कशासाठी? थंडाव्यासाठी. कीर्तनकाराच्या कपाळी बुक्क्यासोबत गंध लागतं तेही तेच चंदन. धर्मशास्त्रं वेगळी असतील, ऊन एकच आहे.

बीडच्या पूर्वेच्या टेकड्यांवर हजरत शहेनशाह वलींचा दर्गा आहे. हे चौदाव्या शतकातले सूफी. तुघलकाच्या काळात ते दक्षिणेत आले. दर्ग्याची बांधकामं पुढं शतकानुशतकं होत राहिली. रबिउल अव्वल महिन्याच्या दुसऱ्या तारखेला त्यांचा उरूस असतो. या उरुसाची एक गंमत सांगतो. इस्लामी वर्ष चंद्रावर चालतं, ते आपल्या सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्यामुळं उरूस दरवर्षी अकरा दिवस मागं सरकतो आणि साधारण साडेबत्तीस वर्षांत सगळ्या ऋतूंची फेरी करून परत येतो. पंचांगकर्त्यांनी हाच फरक वेगळ्या रीतीनं सोडवला. ते साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना धरतात, म्हणून चैत्रातली जत्रा चैत्रातच राहते. चंद्र तोच, अकरा दिवसांचं कोडंही तेच. एकानं सणाला ऋतूशी बांधून ठेवलं, दुसऱ्यानं त्याला ऋतूंमधून हिंडायला मोकळं सोडलं.

माझा जन्म १९७० चा. त्या वर्षी शहेनशाह वलींचा उरूस मे महिन्यात होता. अम्मी सांगायची की टेकडी चढताना पाय भाजत होते आणि वाटेवर माणसं घागरी घेऊन उभी होती, येणाऱ्याला पाणी पाजायला. २००२ साली तो पुन्हा मे महिन्यात आला, तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो. २००६ मध्ये एप्रिलच्या आरंभी, आणि २०२५ मध्ये ऑगस्टच्या अखेरीस, पावसाळ्यात. पुन्हा भर उन्हाळ्यात तो येईल २०३४-३५ च्या सुमारास. माणसाचं वय मोजायची ही एक चांगली रीत आहे. उरूस उन्हाळ्यात किती वेळा आला ते मोजायचं. ज्याच्या आयुष्यात तो तीनदा आला तो भाग्यवान म्हातारा.

उन्हाळ्यातला उरूस रात्री भरतो. दिवस मावळेपर्यंत कुणी बाहेर पडत नाही. मग दिवे लागतात, रेवड्या-बत्ताशांच्या पाट्या मांडल्या जातात, पाळणे फिरायला लागतात, बांगड्यांच्या दुकानांपुढं बायकांची दाटी होते आणि कव्वालीचा आवाज टेकडीवरून खाली उतरतो. चादर घेऊन येणाऱ्यांत आमच्याच घरांतली माणसं असतात असं नाही. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत पीराला कंदुरी करणारी कितीतरी मराठा, धनगर, वंजारी, दलित घरं आहेत. नवस बोलायचा, तो फिटला की उन्हाळ्यात भाऊबंद गोळा करून कंदुरी घालायची. मुलाण्याला बोलवायचं, फातिहा द्यायचा, आणि मग पंगत. यात कुणी कुणाचा धर्म सोडत नाही. जेवण मात्र एकत्र होतं.

याच पूर्वेच्या डोंगरावर खंडोबाचं देऊळ आहे. त्याच्यापुढच्या दोन दीपमाळा बीडची ओळख आहेत. अष्टकोनी, सुमारे सत्तर फूट उंच, जुळ्या भावांसारख्या. हे देऊळ बांधलं सुलतानजी निंबाळकरानं. हा आधी शाहू महाराजांचा सरलष्कर, पुढं निजामाकडं गेला आणि त्याला बीडची जहागीर मिळाली. म्हणजे मुसलमान राजाच्या चाकरीतल्या मराठा सरदारानं जेजुरीच्या देवाचं ठाणं बीडच्या टेकडीवर उभं केलं. याच्या अगदी उलट बाजूनं बघायची गोष्ट म्हणजे मन्सूर शाहांचा दर्गा.

हजरत मन्सूर शाह हे अठराव्या शतकातले, सुहरवर्दी परंपरेतले सूफी. त्यांचा दर्गाही बीडमध्येच. त्यांचा शिष्य कोण, तर महादजी शिंदे. पानिपतच्या रणातून १७६१ साली जखमी पायानं वाचलेला, पुढं दिल्लीच्या बादशहाला आपल्या हातानं गादीवर सांभाळणारा, १७८४ मध्ये बादशहाकडून वकील-इ-मुतलक हा सर्वोच्च अधिकार मिळवणारा तो महादजी. त्याचा गुरू बीडचा एक फकीर होता. मन्सूर शाहांनी महादजीला भाकरीचा तुकडा दिला आणि उत्तरेचं राज्य तुझं होईल असा आशीर्वाद दिला, अशी कथा सांगतात. महादजी कृष्णाचा भक्त होता, स्वतः पदं रचायचा. या फकिराचा शिष्य होण्यात त्याला कुठं अडचण आली नाही, आणि त्याच्या कृष्णालाही आली नसावी.

महादजीनं १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला देह ठेवला. पण गुरूचं नातं तिथं संपलं नाही. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या गोरखी देवघरात मन्सूर शाहांचा उरूस होत आला आहे आणि शिंदे घराण्याचा प्रमुख तिथं नेमानं हजर राहतो. बीडहून ग्वाल्हेर कितीतरी लांब. तरी बीडच्या एका फकिराच्या नावानं तिथं दिवा लागतो. आपल्या बीडमधल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? महादजी त्यांच्या पुस्तकात असतो, मन्सूर शाह नसतात. आणि आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांना मन्सूर शाह ठाऊक असतात, पण महादजी त्यांना आपला वाटत नाही. दोघांना एकमेकांपासून तोडलं की दोन्ही गोष्टी अर्ध्याच राहतात.

मी मराठीत लिहितो तेव्हा लोक अजून विचारतात, "तुम्ही मराठीत कसं काय?" घरात दखनी, दारात मराठी, अशीच आमची वाढ. मी त्यांना आष्टी तालुक्यातल्या वाहिऱ्याचं नाव सांगतो. संत शेख महंमदांचं हे गाव. पुढं ते श्रीगोंद्याला राहिले, चांद बोधल्यांचे शिष्य झाले, मालोजी भोसल्यांनी त्यांना गुरू मानलं आणि 'योगसंग्राम' हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. ही चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट. बीड जिल्ह्यातल्या मुसलमानानं मराठीत लिहायला परवानगी मागायची गरज तेव्हाच संपली आहे.

गावात जामा मशीद आहे, किल्ल्यातली. हिजरी १०३६ मधली, म्हणजे १६२७ च्या आसपासची, जहांगीर बादशहाच्या शेवटच्या दिवसांतली. जानसिपारखानानं ती बांधवली. भर दुपारी तिच्या आत गेलं तर जाड भिंती ऊन आत येऊ देत नाहीत. गावाला कोट होता, त्याच्या वेशी आहेत. कोतवाली वेस, धोंडीपुरा वेस, राजुरी वेस. वेशीखाली बसून भाजी विकणारी बाई तिथं का बसते, हे तिला विचारा. इतिहासाशी तिला काही देणंघेणं नाही. तिथं सावली आहे आणि कमानीतून वारा येतो. माझ्या मते वास्तू जिवंत असण्याची हीच खूण आहे.

एवढं सांगून झालं तरी बीडच्या उन्हाळ्यातली सर्वांत मोठी गोष्ट राहिली. ती कोणत्याही वास्तूत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून लाखो माणसं कोयता घेऊन बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. गावात उरतात म्हातारे, शाळेतली काही पोरं आणि कुलपं. मार्च-एप्रिलात कारखान्यांचा पट्टा पडतो आणि ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसं परत येतात. मृगाची पेरणी अजून दूर असते. म्हणून जत्रा तेव्हा, लग्नं तेव्हा, हरिनाम सप्ताह तेव्हा, कंदुऱ्या तेव्हा आणि कुस्त्यांचे फडही तेव्हाच. आष्टी तालुक्यात सावरगावला मच्छिंद्रनाथांच्या ठाण्यावर पाडव्याची यात्रा भरते, तिला नाथपंथी येतात आणि कोयत्यावरून परतलेलेही येतात.

विलायतेत उन्हाळ्यात उत्सव होतात ते ऊन मिळालं या आनंदात. आपल्याकडं आनंद होतो तो माणसं मिळाली म्हणून. सहा महिने पाचटाच्या कोपीत काढलेली बाई नवं लुगडं नेसून जत्रेत बांगड्या भरते, तेव्हा तो तिच्या वर्षाचा सण असतो. पोरं नारळावरच्या कुस्त्या धरतात. म्हातारा पारावर बसून सगळ्यांना नावानं ओळखून दाखवतो. बीडच्या जत्रांचा इतिहास लिहायचा तर राजांच्या सनावळ्यांच्या शेजारी पट्टा कधी पडला याची नोंद ठेवावी लागेल.

आता थोडं काळजीचं बोलतो. बिंदुसरेला आपण उन्हाळ्यात कोरडी बघतो म्हणून ती मेली असं समजतो. २३ जुलै १९८९ ला तिनं आपण जिवंत असल्याचं दाखवलं. एका रात्रीत पूर आला, वस्त्या गेल्या, माणसं गेली. तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. त्या पुरानं कुणाला जात-धर्म विचारला नाही, आणि चिखलातून माणसं काढणाऱ्या हातांनीही विचारला नाही. पाण्याची जागा आपण घेतली की पाणी ती परत मागतं, हा धडा त्या रात्री मिळाला होता. नदीकाठची बांधकामं बघितली की तो विसरला गेलाय असं वाटतं.

दुसरीकडं जमिनीतलं पाणी. खजाना बावडीसारखी विहीर वरच्या थरातल्या झऱ्यांवर जगते. भोवताली चारशे-पाचशे फुटांचे बोअर घेतले की ते पाणी खाली ओढलं जातं. झरे आटले तर सलाबतखानाची भुयारं काय करणार? १९७२ चा दुष्काळ आमच्या वडीलधाऱ्यांनी सांगितला. २०१६ चा आम्ही पाहिला. त्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. सोळाव्या शतकातल्या माणसांनी उतार मोजून पाणी आणलं, आणि एकविसाव्या शतकात आपण ते रेल्वेच्या टाकीतून आणलं. यात हसण्यासारखं काही नाही.

इंग्लंडात बाथ नावाचं शहर आहे. जमिनीतून आपोआप वर येणाऱ्या ऊन पाण्याच्या झऱ्यावर ते वसलं. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनी तिथं स्नानगृहं बांधली. रोमन गेले, धर्म बदलला, राजे बदलले. पण आज त्या शहराचे लोक ती स्नानगृहं आपली म्हणूनच सांभाळतात. 'ही मूर्तिपूजक रोमनांची आहेत, आमचा काय संबंध', असं कुणी म्हणत नाही. १९८७ मध्ये युनेस्कोनं त्या शहराला जागतिक वारशात घेतलं. झऱ्याभोवती गाव कसं जपावं, हे तिथं शिकण्यासारखं आहे.

आपल्याकडं अडचण थोडी निराळी आहे. दर्गा पडका झाला की ते मुसलमानांनी बघावं, देवळाची बारव गाळानं भरली की ते हिंदूंनी बघावं, आणि विहीर? ती सरकारनं बघावी. अशी वाटणी झाली की कुणीच काही बघत नाही. वाटणी तरी कशी करणार? खजाना बावडी बांधवणारा सलाबतखान, बांधणारा राजा भास्कर, पाणी पिणारं शेत बलगुजारचं, धान्य खाणारं सगळं गाव. खंडोबाच्या दीपमाळा निजामाच्या सरदाराच्या. मन्सूर शाहांचा शिष्य मराठ्यांचा सेनापती. या वास्तूंचे कागद काढून मालकी ठरवायला बसलो तर एकाही वास्तूच्या सातबाऱ्यावर एकच नाव निघायचं नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये अहिल्यानगरहून बीडपर्यंत रेल्वे आली. दोन पिढ्या तिची वाट बघत संपल्या. आता पाहुणे येतील. त्यांना दाखवायला आपल्याजवळ खूप आहे, पण ते दाखवण्याआधी एकदा आपण स्वतः बघून यायला पाहिजे. येत्या उन्हाळ्यात, श्रोतेहो, सुट्टीत आलेल्या नातवंडांना घेऊन एक दिवस सकाळी लवकर निघा. आधी खजाना बावडीवर जा, पायऱ्या उतरा, पोरांना आवाज देऊ द्या, तो घुमून परत येतो. मग कंकालेश्वर. दुपारी घरी येऊन झोपा, बीडच्या उन्हाशी पैज लावू नका. संध्याकाळी खंडोबाच्या टेकडीवर जा. आणि मन्सूर शाहांच्या दर्ग्यात गेलात तर मुलांना महादजी शिंद्यांची गोष्ट तिथंच बसून सांगा. बाहेर निघताना वाटेत कुठं पाणपोई दिसली, तर ती कुणाच्या नावानं लावली आहे हे न वाचता पाणी प्या. रांजण अर्धा झाला असेल तर जाता जाता एक घागर त्यात ओता.